आधी धुवायचं, मग जाळायचं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरचंच आहे.

गेल्या महिन्यात गावाहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. उसाच्या पाचटापासून पांढरा कोळसा, म्हणजे ब्रिकेट, करायचं यंत्र घ्यायचं त्याच्या मनात आहे. पाचट जवळजवळ फुकट, कारण शेतकरी ते नाहीतरी पेटवूनच देतात. आसपासच्या बॉयलरवाल्यांना सरपण हवंच आहे. शिवाय कोळशावरच्या वीज केंद्रांनी ५ टक्के जैवइंधन मिसळावं असं केंद्र सरकारचं धोरण २०२१ साली आलं, त्यामुळे मागणी वाढणार असं त्याला कुणीतरी सांगितलंय. बँक कर्ज द्यायला तयार आहे. "दादा, तू इंजिनियर. सांग, उडी मारू का?"

मी इंजिनियर आहे खरा, पण कॉम्प्युटरचा. बॉयलरशी माझा संबंध एवढाच, की माझे वडील एकतीस वर्षं एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आणि कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी झटकण्यात माझं लहानपण गेलं. तरी त्याला "बघतो" म्हणालो आणि बघता बघता तीन-चार आठवडे वाचत बसलो. हा लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर. लांबलंय खरं, पण नुसतं हो किंवा नाही म्हणता येईना, कारण मध्ये बाबांची एक जुनी गोष्ट आडवी येत होती.

बाबा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा बॉयलर अटेंडंटच्या सर्टिफिकेटखाली एक टाइप केलेला मेमो सापडला. मी तेव्हा सातवीत होतो, त्यामुळे प्रसंग अर्धामुर्धा आठवतो. गळीत हंगामाच्या शेवटी शेवटी बगॅस कमी पडला. वरच्या साहेबांनी ठरवलं की फडातलं पाचट आणून बगॅसमध्ये मिसळायचं आणि जाळायचं. बाबा म्हणाले, "साहेब, बगॅस धुऊन आलेला असतो. पाचट धुतलेलं नसतं. भट्टीला सोसायचं नाही." साहेब हसले असणार. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी भट्टीत राखेचे दगड झाले, ज्याला बॉयलरवाले क्लिंकर म्हणतात, आणि वरच्या नळ्यांवर काचेसारखा थर बसला. बॉयलर बंद, गाळप बंद, बाहेर उसाच्या बैलगाड्यांची ही रांग. चौकशी झाली आणि मेमो निघाला: राख वेळेवर न काढल्यामुळे, म्हणजे कामगाराच्या हलगर्जीपणामुळे, नुकसान झाले. एक वेतनवाढ रोखली.

बाबांनी सही केली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. आत्या हा ब्लॉग वाचते, तिला तो उन्हाळा नक्की आठवत असेल.

मला मात्र इतकी वर्षं एकच गोष्ट कळली नव्हती. बगॅस "धुऊन आलेला" म्हणजे काय? बगॅस कोण धुतं?

याचं उत्तर शोधताना मी पार आजीच्या चुलीपर्यंत मागे गेलो. आजी राखेने भांडी घासायची, आजोबा राखुंडीने दात घासायचे. राख स्वच्छ का करते, तर तिच्यात खार असतो. खार हा शब्द संस्कृत 'क्षार' वरून आला. हा खार काढायची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय सगळा त्याच्यावरच आहे. वनस्पती जाळायची, राख सहापट पाण्यात कालवायची, एकवीस वेळा गाळायची आणि ते पाणी आटवायचं. मागे उरतो तो क्षार. आयुर्वेदातला जवखार हा असाच जवाच्या राखेतून येतो. अरबांकडे खारवट झुडपांच्या राखेला 'अल-कली' म्हणत, त्यावरून इंग्रजीतला 'अल्कली' आला. युरोपात राखेचं पाणी लोखंडी भांड्यात आटवत. पॉट म्हणजे भांडं आणि अ‍ॅश म्हणजे राख, म्हणून त्या पांढऱ्या क्षाराचं नाव पडलं पॉटॅश. साबण, काच, कापड धुणं, सगळ्याला हा पॉटॅश लागायचा. अमेरिकेचं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० रोजी खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सहीने सॅम्युअल हॉपकिन्स यांना मिळालेलं, ते कशाचं असावं? राखेतून पॉटॅश काढायच्या सुधारित रीतीचं! पुढे १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हींनी पॉटॅशमधून विजेच्या साहाय्याने एक नवीनच धातू वेगळा केला आणि त्याला नाव दिलं पोटॅशियम. म्हणजे त्या मूलद्रव्याचं नावच मुळी भांड्यातल्या राखेवरून आलंय.

हा राखेचा धंदा मोडला तो १८६० नंतर. जर्मनीत स्टासफुर्ट इथे जमिनीखाली पोटॅशियमच्या क्षारांचे साठे सापडले आणि १८६१ मध्ये तिथे पॉटॅशचा पहिला कारखाना उभा राहिला. खाणीतून टनावारी माल निघायला लागल्यावर राख कोण धुणार?

मुद्दा लक्षात घ्या. एवढ्या शतकांमध्ये माणसाने जे केलं त्याचा क्रम ठरलेला होता: आधी जाळायचं, मग धुवायचं. आग लागेल ते जाळून टाकते, आणि जे जळत नाही आणि पाण्यात विरघळतं ते आपल्या कामाचं.

हा क्रम उलटा झाला तर काय होतं हे माझ्या वाचनात पहिल्यांदा भेटलं ते पॅरिसच्या धोबिणींकडे. आता हे कुठून कुठे असं वाटेल, पण गोष्ट तशी सरळ आहे. पॅरिसला जळाऊ लाकूड लागायचं, आणि ते यायचं दूरच्या मोरव्हाँच्या डोंगरातून. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची तीनशेहून जास्त वर्षं तिथले लाकूडतोडे ओंडके सुटे ओढ्यांत सोडून देत. ते वाहत वाहत योन नदीकाठच्या क्लामसी गावाशी येत. तिथे ते गोळा करायचे, मोठे तराफे बांधायचे, आणि मग योन नदीतून सेन नदीत आणि सेनमधून पॅरिसला. या प्रवासात लाकूड दीर्घकाळ पाण्यात भिजायचं. पॅरिसच्या बाजारात त्यामुळे दोन प्रकारचं सरपण मिळे: पाण्यातून तरंगत आलेलं आणि कोरडं आलेलं. राखेच्या पाण्यात कपडे धुणाऱ्या बायकांना यातला फरक बरोबर ठाऊक होता. तरंगत आलेल्या लाकडाची राख त्यांना नको असे, कारण तिने कपडे निघत नसत. खार आधीच नदीने नेलेला असायचा.

यात त्यांचा तोटा होता, म्हणून तो त्यांच्या लक्षात आला. पण जे राखेतून गेलं ते आगीतूनही गेलं होतं, आणि त्यात कुणाचा फायदा असू शकतो, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडायचं कारण नव्हतं. तो पडायला बॉयलर यावे लागले.

बॉयलरमध्ये नेमकं काय होतं ते आता सांगतो, कारण बाबांच्या मेमोचं सगळं रहस्य त्यातच आहे. गवतवर्गीय पिकांमध्ये, म्हणजे गहू, भात, ऊस यांच्या काडात आणि पानांत, वाळूतली सिलिका भरपूर असते. नुसती सिलिका वितळायला सतराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, तेवढी बॉयलरच्या भट्टीत नसते. पण तिच्यात पोटॅशियम मिसळलं की मिश्रण साडेसातशे-आठशे अंशांनाच मऊ पडायला लागतं. युरोपातले जुने काचवाले हेच तर करत होते: वाळूत झाडांची राख घालायची म्हणजे ती लवकर वितळते. बाबांच्या भट्टीत त्या तिसऱ्या दिवशी काच झाली होती, दुसरं काही नाही.

दुसरा त्रास क्लोरीनचा. काडातलं पोटॅशियम आणि क्लोरीन मिळून पोटॅशियम क्लोराइड होतं. ते आगीत वाफ होऊन वर जातं आणि त्या मानाने थंड असलेल्या सुपरहीटरच्या नळ्यांवर जाऊन बसतं. तिथे ते राखेला चिकटपणा देतं आणि आतून लोखंड खातं. वाफ जितकी जास्त तापवाल तितक्या नळ्या लवकर गंजतात.

आणि आता खरी गंमत. झाडाच्या शरीरात पोटॅशियम हे लाकडासारखं घट्ट विणलेलं नसतं. ते रसात विरघळलेलं असतं. पानांची छिद्रं उघडणं-मिटणं, साखर इकडून तिकडे नेणं, अशी कामं ते पाण्यात राहूनच करतं. पान मेलं, वाळलं की पेशींचे पडदे फाटतात, आणि मग साधं पाणीसुद्धा ते बाहेर काढून नेतं. क्लोरीनचंही तसंच. ना आम्ल लागतं, ना उष्णता. पाऊस पुरतो!

हे पावसाचं काम डेन्मार्कमध्ये नीट मोजलं गेलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथल्या शेतकऱ्यांनी गव्हाचं काड जाळून घरं तापवायला सुरुवात केली. हास्लेव गावात १९८९ मध्ये काडावर वीज आणि उष्णता दोन्ही देणारं केंद्र निघालं. आणि १९९३ मध्ये तिथल्या राजकीय पक्षांनी करार करून वीज कंपन्यांना बांधून घातलं, की २००० सालापर्यंत वर्षाला १२ लाख टन काड जाळलं पाहिजे. मग नळ्या गंजायचा प्रश्न एकदम गंभीर झाला. डॅनिश लोक काडाचे दोन प्रकार करतात, पिवळं आणि करडं. कापणीनंतर लगेच उचललेलं ते पिवळं, दिसायला छान, सोनेरी. शेतात पडून पावसात भिजलेलं आणि पुन्हा वाळलेलं ते करडं, दिसायला अगदी कळकट. त्यांचे आकडे बघा. पिवळ्या काडात क्लोरीन सुमारे ०.७५ टक्के, करड्यात ०.२. पोटॅशियम पिवळ्यात १.१८ टक्के, करड्यात ०.२२. पिवळ्याची राख ८०० ते १००० अंशांना मऊ पडते, करड्याची ९५० ते ११०० ला. जे काड बघून आपण नाक मुरडू, तेच बॉयलरला मानवतं.

पाऊस आपल्या हातात नाही, मग काड मुद्दाम धुवावं का, याचाही त्यांनी विचार केला. पन्नास-साठ अंशांच्या कोमट पाण्यात धुणं पुरतं असं दिसलं. पण धुतलं की वाळवावं लागतं, आणि पाण्याबरोबर थोडा जळाऊ भागही जातो. हे सगळं धरून काडातली सुमारे ८ टक्के ऊर्जा खर्ची पडते असा त्यांचा हिशेब होता. त्या बदल्यात बॉयलरचं आयुष्य वाढतं. तिथल्याच येन्सन, सांडर आणि डाम-योहान्सन या संशोधकांनी २००१ मध्ये आणखी एक वाट मांडली. काड आधी हवेशिवाय तापवून त्याचा कोळसा करायचा, निघणारा वायू वेगळा वापरायचा, आणि मग कोळसा धुऊन त्यातलं पोटॅशियम काढायचं. असा धुतलेला कोळसा दगडी कोळशाच्या बॉयलरमध्ये चालावा अशी कल्पना. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी डॅनिश लोकांनी पावसावर, कमी तापमानाच्या वाफेवर आणि दगडी कोळशात मिसळून जाळण्यावरच भागवलं. धुण्याची कल्पना बरोबर होती, पण धुण्याचा खर्च हा खर्च असतो.

जवळपास त्याच काळात हाच प्रश्न कॅलिफोर्नियात दुसऱ्या दाराने आला. तिथल्या सॅक्रामेंटो खोऱ्यात भात पिकतो, आणि भाताचा पेंढा शेतातच पेटवायची पद्धत होती. धुराला लोक कंटाळले आणि १९९१ मध्ये तो जाळणं हळूहळू कमी करायचा कायदा झाला. मग पेंढ्याचं करायचं काय? आसपास लाकूडफाट्यावर चालणारी वीज केंद्रं होती, पण ती पेंढा घेईनात, कारण भट्टीत क्लिंकर होतो. डेव्हिस इथल्या विद्यापीठात ब्रायन जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताचा आणि गव्हाचा पेंढा वेगवेगळ्या रीतींनी धुऊन बघितला आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापले. पोटॅशियम, सोडियम आणि क्लोरीन साध्या नळाच्या पाण्यानेही सहज निघून जातात. गव्हाच्या काडाची एकूण राख तर काही वेळा ६८ टक्क्यांपर्यंत घटली. भाताची १० टक्केच, कारण तिच्यात मुख्यत्वे सिलिका आणि ती पाण्याने जात नाही. पण भाताचीही उरलेली राख वितळायचं तापमान वर गेलं, आणि बॉयलरच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. पुढे त्यांनी पेंढा हिवाळाभर शेतात पावसात ठेवून नंतर उचलणं कितपत परवडतं तेही बघितलं.

जेन्किन्स आणि मंडळींचं वाचता वाचता एका जागी मी थांबलोच. पिकांच्या अवशेषांमध्ये बगॅस एवढा सुखाने का जळतो, याचं कारण तिथे एका वाक्यात होतं: साखर काढताना तो आपोआप धुतला जातो.

कारखाना बघितलेल्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणता येईल. गव्हाणीत पडलेला ऊस तुकडे होऊन चार-पाच मिलमधून एकापाठोपाठ पिळला जातो. नुसता पिळून सगळी साखर निघत नाही, म्हणून शेवटच्या मिलच्या आधी चोथ्यावर गरम पाणी सोडतात. त्याला इम्बिबिशन म्हणतात. त्या मिलमधून निघालेला पातळ रस आधीच्या मिलवर, तिथला त्याच्या आधीच्या मिलवर, असा उलटा फिरवतात. हे सगळं साखरेच्या लोभाने. पण साखरेबरोबर उसातलं पोटॅशियम आणि क्लोरीनही रसात जातं. शेवटच्या मिलमधून बाहेर पडणारा चोथा, म्हणजे बगॅस, ओला असतो, निम्मं वजन पाण्याचंच, पण स्वच्छ असतो. चांगला चार-पाच वेळा खंगाळून पिळलेल्या धोतरासारखा. त्याच उसाचं पाचट मात्र फडातच राहिलेलं. त्याला पाणी लागलेलंच नाही.

बाबांना पोटॅशियम ठाऊक नव्हतं. पण ते रोज त्या मिलच्या बाजूने जायचे, पाणी पडताना बघायचे, आणि तीस फुटांवर तोच माल कसा जळतो ते बघायचे. "बगॅस धुऊन आलेला असतो" हे त्यांचं वाक्य शब्दशः बरोबर होतं. राख वेळेवर काढली असती तरी ती वितळलीच असती. मेमोमध्ये ज्याला हलगर्जीपणा म्हटलंय तो पाचटाचा स्वभाव होता.

खरंच तसं आहे का, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. गावाहून पोतंभर पाचट मागवलं. अर्धं बादलीत रात्रभर भिजवलं. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं! दोनदा पाणी बदललं, गच्चीवर वाळवलं. मग धुतलेलं आणि न धुतलेलं वेगवेगळं जाळून दोन्हीची राख एका मित्राच्या कॉलेजमधल्या मफल भट्टीत हजार अंशांवर ठेवली. न धुतलेल्याची एक कडक ढेप झाली, वाटीला चिकटलेली. धुतलेल्याची राख बोटाने चुरडली तर पीठ. मी बराच वेळ ती ढेप हातात धरून बसलो होतो. मित्राला वाटलं, याला काय झालं.

असो. आता चुलतभावाच्या प्रश्नाकडे.

पाचटाचं काहीतरी करावं ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात उसाची पानं आणि बगॅस यांपासून जळाऊ वायू तयार करणारा गॅसिफायर चालवून दाखवला. पुण्यात आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या चुलीसाठी केल्या, त्याला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. घरच्या शेगडीत त्या छान जळतात, कारण शेगडीत ना सुपरहीटर असतो ना पन्नास किलोंचा दाब. गोष्ट बिघडते ती मोठ्या, तापट बॉयलरमध्ये.

मग पाचट पावसात धुऊन घ्यावं का? इथेच डेन्मार्क आणि आपला देश वेगळे होतात. त्यांच्याकडे कापणी ऑगस्टमध्ये आणि पाऊस पाठोपाठ. कॅलिफोर्नियात भात निघतो शरदात आणि मग हिवाळी पाऊस. आपला ऊस तुटतो दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे बरोबर कोरड्या दिवसांत. पाऊस येईपर्यंत पाचट ठेवायचं तर खोडव्याच्या मशागतीला अडचण, आणि वणव्याची भीती वेगळीच. मुद्दाम धुवायचं तर पाणी कुठून आणणार? ज्या तालुक्यात एप्रिलमध्ये टँकर लागतो तिथे पाचट धुवायला पाणी मागणाऱ्याला लोक काय म्हणतील ते सांगायला नको.

एक वाट मला सुचते. उसाच्या वजनात जवळजवळ सत्तर टक्के पाणीच असतं. कारखाना रस आटवतो तेव्हा ते पाणी वाफ होऊन परत थंड होतं, आणि हंगामात कारखान्याकडे असं गरम पाणी गरजेपेक्षा जास्त असतं. पाचट धुवायचंच असेल तर ते कारखान्याच्या शेजारी, त्या पाण्यात, आणि पिळायला मिलसारखंच काहीतरी असेल तरच. शेतात एकट्याने, कर्ज काढून हे होणारं नाही.

दुसरी बाजूही त्याला सांगितली पाहिजे. धुतलेलं पोटॅशियम जातं कुठे? उसाच्या बाबतीत ते रसात जातं, रसातून मळीत, मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या स्पेंट वॉशमध्ये. तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात, तेव्हा त्या बॉयलरना चिकट राखेचा त्रास होतोच. आगीतून सुटलेला शत्रू पुढच्या दारात उभाच! पण त्या राखेत आता लोकांना पैसा दिसायला लागलाय. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने मळीपासून मिळणाऱ्या या पॉटॅशला खताच्या अनुदान योजनेत घेतलं. त्यात किमान १४.५ टक्के पॉटॅश असतं. आपला देश पॉटॅश खत जवळजवळ सगळं बाहेरून आणतो, हे लक्षात घेतलं तर यात हसण्यासारखं काही नाही. म्हणजे आपण पुन्हा राख आणि पाण्यापाशीच आलो, जिथे सुश्रुत होते.

म्हणून पाचट धुवायचं तर ते पाणी ओढ्यात सोडायचं नाही, शेतात घालायचं. आणि पाचटाचा कोळसा जर मातीतच मिसळायचा असेल तर तो धुवायचाच नाही. जे आगीला सोसत नाही ते मातीला हवं असतं. त्याहून सोपं म्हणजे पाचट सरीत पसरून कुजू देणं. पाऊस त्याचं पोटॅशियम तिथल्या तिथे जमिनीत धुऊन टाकतो, एक पैसा न घेता.

तर भाऊराया, माझं उत्तर असं. गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, छोट्या कमी तापाच्या भट्ट्या, एवढ्यांना तू माल देणार असशील तर यंत्राचा हिशेब जरूर कर. मोठ्या बॉयलरवाल्यांशी करार करणार असशील तर सही करायच्या आधी त्यांना पोतंभर न धुतलेलं पाचट दे, राख हजार अंशांवर तापवून बघायला सांग, आणि नळ्या खराब झाल्या तर जबाबदारी कुणाची हे कागदावर लिहून घे. लिहून घेच. आपल्या घरात एकदा ती न लिहिता येऊन पडलेली आहे.

त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा गप्प होता. मग म्हणाला, "थोरल्या काकांचं नाव आलं होतं न त्यात?" मी हो म्हणालो. "मग आधी जरा थांबतो," म्हणाला.

मेमो मी फाडला नाही. त्याच्या पाठीमागे दोन्ही राखांचे आकडे, तापमान आणि तारीख लिहिली आणि तो परत ट्रंकेत सर्टिफिकेटखाली ठेवला. ढेप एका फिल्मच्या रिकाम्या डबीत घालून शेजारी ठेवली आहे. आत्या येईल तेव्हा तिला दाखवेन.